गावचा कर्जनिधी कसा उभा करायचा: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

सांगली-सातारा भागातल्या शेतकऱ्याच्या घरात पैसा वर्षभर सारखा येत नाही. तासगाव-मिरजेकडे द्राक्षाचे पैसे साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये दिसतात. हळद त्याच सुमारास शिजून, पॉलिश होऊन सांगलीच्या सौद्याला जाते. उसाचं बिल गाळप सुरू झाल्यावर येतं, तेही हप्त्याहप्त्याने. दुधाचं बिल तेवढं दर दहा-पंधरा दिवसांनी हातात पडतं. खर्चाच्या तारखा मात्र वेगळ्याच असतात. एप्रिलात द्राक्षाची खरड छाटणी, जूनला बी-खत आणि पोरांच्या शाळेची फी, ऑक्टोबरला फळछाटणी. मधल्या काळात पाच-दहा हजारांसाठी माणूस अडतो आणि महिन्याला शेकडा पाच-दहाने पैसे उचलतो. शेकडा दहा म्हणजे वर्षाला मुद्दलापेक्षा जास्त व्याज.

ही अडचण सोडवायला गावातल्याच दहा-पंधरा माणसांनी एकत्र येऊन निधी उभा करता येतो. हा निधी बँकेएवढा मोठा कधीच होणार नाही आणि व्हायची गरजही नाही. मोठं कर्ज बँक देईल, गावची विकास सोसायटी (शेतकऱ्यांना पीक कर्ज देणारी सहकारी संस्था) देईल. त्या पैशाच्या आधी, मध्ये आणि नंतर माणूस जिथे अडतो तिथे आपला निधी लावायचा. ही एक गोष्ट पक्की धरली की पुढचे निर्णय सोपे जातात.

पहिली पायरी: कायद्याच्या कोणत्या चौकटीत बसायचं

उत्साहाच्या भरात बहुतेक जण हे सोडून देतात, म्हणून आधी हेच बघू.

नवख्यांसाठी सगळ्यात सोपी चौकट बचत गटाची. दहा ते वीस सभासद, नोंदणीची सक्ती नाही, बँकेत गटाच्या नावाने खातं. महिलांचा गट असेल तर ‘उमेद’ किंवा ‘माविम’शी जोडून घ्या. उमेद म्हणजे महाराष्ट्र राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियान. त्यात गावपातळीवर सगळ्या गटांचा मिळून ग्रामसंघ आणि त्याच्या वर प्रभागसंघ असतो, आणि चांगल्या चाललेल्या गटांना फिरता निधी व समुदाय गुंतवणूक निधी (सभासदांना कर्ज द्यायला मिळणारी रक्कम) मिळतो. माविम म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळ, १९७५ पासूनचं. पुरुषांचा किंवा मिश्र गट उमेदमध्ये सहसा बसत नाही, पण बँकेशी जोडता येतो. नाबार्ड या शेती आणि ग्रामीण विकासाच्या राष्ट्रीय बँकेने १९९२ मध्ये सुरू केलेला बचत गट-बँक जोडणीचा कार्यक्रम त्यासाठीच आहे. चार ते दहा जणांचा संयुक्त दायित्व गट (एकमेकांच्या कर्जाची जबाबदारी घेणारा) हा कसायला थोडीच जमीन असलेल्यांना आणि खंडाने शेती करणाऱ्यांना सोयीचा पडतो.

दोन मर्यादा अजिबात ओलांडायच्या नाहीत. सभासद नसलेल्यांकडून ठेवी घ्यायच्या नाहीत, कारण २०१९ चा अनियंत्रित ठेव योजना बंदी कायदा त्याला आडवा येतो. आणि सभासद नसलेल्याला व्याजाने पैसे द्यायचे नाहीत. तो व्यवहार सावकारीत मोडतो, आणि २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याप्रमाणे त्याला परवाना लागतो. “आपलाच पाहुणा आहे, देऊ या दोन महिन्यांसाठी” असं कुणी म्हणालं तर पाहुण्याला आधी सभासद करा, नाहीतर नाही म्हणा.

पतसंस्था काढायची घाई करू नका. तिला महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदणी लागते, दरवर्षी लेखापरीक्षण, ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा, निवडणूक, सगळं आलं. शिवाय बँकेतल्या पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला जे विमा संरक्षण आहे ते पतसंस्थेच्या ठेवीला नाही. ज्यांनी गट काही वर्षं नीट चालवून दाखवलाय त्यांनीच त्या वाटेला जावं.

दुसरी पायरी: माणसं

एका वाडीची, एका आळीची, एकमेकांच्या रानात जाणं-येणं असलेली माणसं घ्या. कर्ज कशाला मागितलं आणि कशाला वापरलं हे शेजाऱ्याला आपोआप कळतं, ही या निधीची खरी तारण आहे. एका घरातून एकच सभासद. उत्पन्नाच्या तारखा वेगवेगळ्या असलेली माणसं असतील तर फार चांगलं. सगळेच ऊसवाले असले तर सगळ्यांना एकाच महिन्यात पैसे हवे असतात आणि एकाच महिन्यात परत येतात. दोन दूधवाले, एखादा किराणा दुकानदार, एखादी शिवणकाम करणारी ताई, एखादा गॅरेजवाला पोरगा असला की पैसा फिरता राहतो. खानापूर-आटपाडीकडे गलाईच्या (सोनं-चांदी गाळण्याच्या) धंद्यासाठी परराज्यात राहणाऱ्यांची घरं आहेत. त्या घरातली सून किंवा सासूबाई गटात असल्या तर त्यांची बचत सहसा नियमित येते.

गावचा पुढारी अध्यक्ष करू नका. तो कितीही भला असो, त्याच्या माणसाकडे थकलेला हप्ता मागायला कुणाची जीभ रेटत नाही.

तिसरी पायरी: बचत आणि खातं

सगळ्यात गरीब सभासदाला झेपेल ती रक्कम ठरवा आणि सगळ्यांना तीच ठेवा. पंधरा जणांनी महिन्याला २०० रुपये टाकले तर महिन्याचे ३,००० आणि वर्षाचे ३६,००० जमतात. आकडा लहान वाटेल, पण सहाव्या महिन्यापासूनच दोन-तीन जणांची अडचण त्यातून भागते.

पहिल्या बैठकीत ठराव लिहा: गटाचं नाव, अध्यक्ष, सचिव, खजिनदार, बचतीची रक्कम, बैठकीचा वार, व्याजाचा दर, दंड. तो ठराव, पदाधिकाऱ्यांची आधार-पॅन आणि फोटो घेऊन बँकेत जा. तिघांपैकी कोणत्याही दोघांच्या सहीने पैसे निघतील असं लिहून द्या. रोख पैसे कुणाच्या घरात दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवू नका.

चौथी पायरी: व्याज

महिन्याला शेकडा एक ते दोन असा दर गटांमध्ये चालतो. दराइतकंच महत्त्व हिशोबाच्या पद्धतीला आहे, आणि इथेच साधी माणसं फसतात. २०,००० रुपये शेकडा दोनने दहा महिन्यांसाठी घेतले असं धरा. दर महिन्याला २,००० मुद्दल फेडायचं आणि व्याज फक्त शिल्लक मुद्दलावर लावायचं ठरलं, तर पहिल्या महिन्याला ४००, दुसऱ्याला ३६०, असं उतरत उतरत शेवटच्या महिन्याला ४० रुपये व्याज पडतं. एकूण २,२००. तेच पूर्ण मुद्दलावर शेवटपर्यंत व्याज लावलं तर दहा महिन्यांचे ४,००० होतात. दर तोच, बोजा जवळपास दुप्पट. ठरावात स्पष्ट लिहा: व्याज शिल्लक मुद्दलावर. दारात येऊन आठवड्याचा हप्ता गोळा करणाऱ्या कंपन्यांचं कर्ज कुणी घेत असेल तर त्यालाही हेच विचारायला शिकवा. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार अशा सूक्ष्म कर्जात घरातल्या सगळ्या कर्जांचे मिळून महिन्याचे हप्ते त्या घराच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. हे घराघरात माहीत असायला हवं.

सावकाराच्या दराशीही तुलना करून दाखवा. परवानाधारक सावकाराला शेतकऱ्याकडून तारण कर्जावर वर्षाला ९ टक्के आणि विनातारण कर्जावर १२ टक्के इतकंच व्याज घेता येतं. महिन्याला शेकडा दहा घेणारा माणूस कायदा मोडतो आहे. त्याची तक्रार सहकार खात्याच्या तालुक्यातल्या सहायक निबंधकांकडे किंवा जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते. सावकारीत बळकावलेली जमीन परत मिळवण्याची तरतूदही त्याच कायद्यात आहे.

पाचवी पायरी: परतफेडीची तारीख

सगळा निधी जगतो किंवा मरतो तो इथे. “बारा महिन्यांत बारा हप्ते” हा छापील साचा नोकरदारासाठी आहे. शेतकऱ्याला तो लावला की पहिल्या चार महिन्यांतच तो थकबाकीदार होतो, आणि एकदा मान खाली गेली की बैठकीला यायचंच बंद करतो.

म्हणून अर्जात पहिला प्रश्न लिहा: हे पैसे कोणत्या पैशातून फिटणार, आणि तो पैसा कधी येणार?

अडसाली ऊस जुलै-ऑगस्टला लागतो आणि सोळा-अठरा महिन्यांनी तुटतो. त्याच्या लागणीला दिलेल्या कर्जाची मुदत एक वर्षाची ठेवली तर रानात ऊस उभा आणि कागदावर माणूस थकलेला, असं होतं. मुदत तोडणीनंतरच्या पहिल्या बिलापर्यंत ठेवा, मधल्या काळात फक्त व्याज घ्या. ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे बिल चौदा दिवसांत मिळायला हवं, पण तारीख धरताना दोन महिने पुढची धरा.

हळदीच्या कर्जाचे दोन तुकडे करा. मे-जूनच्या लागणीचं एक. काढणी, शिजवणी, पॉलिशसाठी जानेवारी-फेब्रुवारीत दुसरं, दोन-तीन महिन्यांचं. शेतकरी म्हणाला की दर पडलाय, हळद ठेवून द्यायचीय, तर त्यासाठी गटाचा पैसा अडकवू नका. बाजार समितीत कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना आहे. हळदीवर किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत, १८० दिवसांसाठी, ६ टक्के दराने पैसे मिळतात. त्याला तिकडे घेऊन जा, आणि तारणाच्या पैशातून गटाचं कर्ज आधी फेडून घ्या.

महाबळेश्वर-पाचगणीकडची स्ट्रॉबेरी सप्टेंबरात लागते आणि नोव्हेंबरअखेरपासून एप्रिलपर्यंत तोडा चालतो, म्हणून हप्ते डिसेंबर ते एप्रिल असेच बांधावेत. गायीच्या कर्जाचा हप्ता डेअरीच्या बिलाला जोडा. सभासदाने लेखी संमती दिली तर डेअरीतूनच कपात होते. गाय आटली की हप्ता थांबणार हे आधीच धरून चाला. शेळ्यांना घाई चालत नाही. गाभण शेळी घेतली तरी करडं विकण्याजोगी व्हायला वर्षाच्या आसपास जातं. तोवर महिन्याचं व्याज आणि मग बकरी ईद, दसरा किंवा गावच्या जत्रेच्या बाजारानंतर मुद्दल, असं बसवा. आल्याचा दर कसा खाली-वर होतो हे साताऱ्या-कोरेगावच्या माणसाला सांगायला नको. दर नसेल तर आलं जमिनीतच राखता येतं, म्हणून तिथे “काढणीनंतर” एवढंच न लिहिता शेवटची तारीख टाका.

द्राक्षाच्या बाबतीत माझं मत थोडं कडक आहे. एकरी खर्च एवढा असतो की लहान गटाने अख्ख्या बागेला पैसे पुरवायचा विचार करू नये. एखादी औषधाची खेप, बेदाण्याच्या शेडवरची मजुरी, एवढंच. आणि व्यापाऱ्याच्या तोंडी आश्वासनावर परतफेडीची तारीख बांधू नका. पैसे बुडवून गेलेल्या व्यापाऱ्यांच्या कहाण्या तासगाव, पलूस, कवठेमहांकाळच्या गावागावांत आहेत.

नवं-जुनं करण्यासाठी मदत

माझ्या मते लहान निधीचा सगळ्यात चांगला उपयोग हा आहे. विकास सोसायटीचं तीन लाखांपर्यंतचं पीक कर्ज मुदतीत फेडलं तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे शेतकऱ्याला शून्य टक्क्याने पडतं. मुदत चुकली की सवलत गेली. मुदतीच्या आत जुनं भरून नवं उचलायचं, यालाच आपण नवं-जुनं म्हणतो. पण भरायला हातात रक्कम नसते, म्हणून माणूस आठ-दहा दिवसांसाठी सावकाराकडे जातो आणि महिन्याचं व्याज मोजतो. बिनव्याजी कर्ज असं महाग होऊन बसतं.

गटाने त्या आठ-दहा दिवसांसाठी पैसे द्यावेत. देण्याआधी सोसायटीच्या सचिवाला (त्याला गटसचिव म्हणतात) भेटून दोन गोष्टी विचारा: भरणा केल्यावर नवीन कर्ज मंजूर होणार का, आणि किती दिवसांत खात्यावर येणार. मंजुरीची खात्री नसेल तर पैसे देऊ नका. रक्कम गटाच्या ताकदीबाहेर असली तरी हरकत नाही, कमी पडणारे शेवटचे दहा-पंधरा हजार जरी भागवले तरी सभासदाची सवलत वाचते.

मात्र कर्ज वाढतच चाललं असेल आणि पिकातून कधीच काही फिटत नसेल, तर नवं-जुनं हे दुखणं झाकण्याचं काम करतं. अशा सभासदाबरोबर बसून त्याचा वर्षाचा जमा-खर्च लिहून काढा. हे काम त्याच्या घरी, घरच्या मंडळींसमोर करा, बैठकीत नको.

सहावी पायरी: तरुणांचे धंदे

पोरांना कर्ज देताना गावातली मोठी माणसं हात आखडता घेतात. “आधी काहीतरी करून दाखव” म्हणतात. करून दाखवायला सुरुवातीचे पैसे लागतात, हे आपण समजून घ्यायला हवं.

मोठ्या योजना आहेत. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम आणि मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम, दोन्हींसाठी जिल्हा उद्योग केंद्रात जावं. प्रकल्प खर्चाच्या १५ ते ३५ टक्के अनुदान आहे, पण ५ किंवा १० टक्के स्वतःचे घालावे लागतात. पंतप्रधान योजनेतलं अनुदान तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून राहतं, हातात मिळत नाही. अण्णासाहेब पाटील महामंडळाच्या व्याज परतावा योजनेत १५ लाखांपर्यंतच्या कर्जाचं व्याज परत मिळतं, पण आधी हप्ता स्वतः भरायचा आणि मग परतावा. प्रक्रिया उद्योगासाठीच्या पीएमएफएमई योजनेत ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदान आहे, आणि अन्नप्रक्रिया करणाऱ्या बचत गटाच्या सभासदाला ४० हजारांपर्यंत बीज भांडवल आहे.

सगळीकडे अडचणीची जागा एकच: सरकारचा पैसा येण्याआधी स्वतःचा पैसा लागतो. लाखाच्या प्रकल्पाला पाच-दहा हजार स्वगुंतवणूक, परतावा येईपर्यंतचे दोन हप्ते, प्रकल्प अहवाल आणि कोटेशनचा खर्च. तिथे गट उभा राहिला तर पोरगं बँकेच्या दारात ताठ मानेने जातं.

पहिलं कर्ज लहान द्या, तीन-चार महिन्यांचं. ऊस रोपवाटिकेचे ट्रे आणि कोकोपीट, मोबाईल दुरुस्तीची हत्यारं, शेवयांचं यंत्र, वडापावच्या गाड्याचं सामान. ते फिटलं की दुसरं दुपटीने. पैसे शक्यतो दुकानदाराच्या खात्यावर वर्ग करा आणि पावती अर्जाला टाचून ठेवा. जामीनदार म्हणून वडिलांऐवजी गटातले दोन सभासद घ्या. वडील जामीन असले की पोराचा हप्ता गुपचूप तेच भरतात आणि धंदा चालतो की नाही हे कुणाला कळतच नाही.

सातवी पायरी: बैठक आणि वह्या

उमेदच्या गटांत पंचसूत्री पाठ असते: नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित नोंदी. पुरुषांच्या गटांनीही ती जशीच्या तशी उचलावी. वह्या चार पुरतात: इतिवृत्त (बैठकीत काय ठरलं ते), रोजकीर्द (तारखेवार जमा-खर्च), बचत-कर्जाची खतावणी (सभासदवार खाती) आणि प्रत्येक सभासदाचं पासबुक. दर बैठकीच्या शेवटी सचिवाने मोठ्याने वाचावं: हातात किती, बँकेत किती, कुणाकडे किती बाकी, कुणाची तारीख पुढच्या महिन्यात. लिहिता-वाचता न येणाऱ्या सभासदाला हे ऐकण्याचा हक्क आहे, आणि त्यांची स्मरणशक्ती वहीपेक्षा पक्की असते.

याबाबतीत म्हसवडची गोष्ट माणदेशात सगळ्यांना ठाऊक आहे. तिथे काम करणाऱ्या सामाजिक कार्यकर्त्या चेतना सिन्हा आणि तिथल्या बायकांनी महिलांच्या सहकारी बँकेसाठी परवाना मागितला तेव्हा सभासद निरक्षर आहेत म्हणून रिझर्व्ह बँकेने आधी नाकारला. बायका लिहायला-वाचायला शिकल्या, परत गेल्या, आणि व्याजाचा हिशोब तोंडी करून दाखवायची तयारी ठेवली. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. हिशोब ही शिकलेल्या माणसाचीच मक्तेदारी आहे असं कुणी म्हणालं तर त्याला हे सांगा.

आठवी पायरी: थकलं तर

हप्ता चुकला की सात दिवसांच्या आत दोन सभासदांनी घरी जावं. वसुलीला म्हणून नाही, काय झालं ते विचारायला. आजारपण, जनावर दगावलं, बिल आलं नाही, अशी कारणं असतील तर पुढच्या बैठकीत नवीन तारीख ठरावाने द्या. पैसा दुसरीकडे वळवला असेल तर दंड लावा आणि जामीनदारांना बोलवा. नात्यागोत्यात सूट दिली की बाकीचेही भरायचे थांबतात.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णाकाठची गावं पाण्याखाली गेली, आणि माण, खटाव, जत, आटपाडीला दुष्काळ नवा नाही. अशा वेळी सगळेच एकदम थकतात. म्हणून व्याजाच्या जमेतला एक हिस्सा पहिल्या वर्षापासून राखीव ठेवा आणि आपत्तीत मुद्दलाला किती महिने सूट द्यायची हे आधीच ठरावात लिहून ठेवा. पाणी दारात आल्यावर नियम करायला बसलात तर भांडणंच होतात.

सहा महिन्यांनंतर

गट सहा महिने नीट चालला की बँक कर्जाचा अर्ज करा. पहिल्या वर्षी व्याजाची जमा वाटून घेऊ नका. बचतीत मिळवा, कारण बँक गटाचा एकूण निधी बघते. जाताना इतिवृत्त, खतावणी, पासबुकं आणि सभासदांनी कर्ज कशाला मागितलंय याची यादी बरोबर ठेवा. अध्यक्षांबरोबर निदान दोन साधे सभासद न्या, कारण गुणांकन करताना अधिकारी त्यांनाच प्रश्न विचारतात: गटाचा दर काय, तुमची बचत किती झाली, मागच्या बैठकीत काय ठरलं. बँकेचं कर्ज आलं की त्याची खतावणी वेगळी करा आणि त्यातून दिलेल्या प्रत्येक कर्जाची तारीख बँकेच्या हप्त्याच्या पंधरा दिवस आधीची ठेवा.